ग्रास कटर आणि फवारणी पंप ठेवणीत टाकताना : कार्बोरेटर आणि पेट्रोलची काळजी

कोकणातल्या बागायतदाराकडे साधारण दोन लहान इंजिनं असतात, एक ग्रास कटरचं आणि दुसरं फवारणीच्या एचटीपी पंपाचं. ग्रास कटर पावसात आणि पावसानंतर बेणणीला लागतो, मग पुढच्या पावसापर्यंत पडवीत उभा राहतो. पंपाचं उलट असतं. आंब्याच्या फवारण्या सुरू झाल्या की तो बाहेर येतो, उन्हाळ्यापर्यंत चालतो आणि अख्खा पावसाळा कोपऱ्यात काढतो. हंगाम सुरू झाला की दोन्हींची तक्रार एकच असते : ठेवताना चांगलं चालत होतं, आता दोरी ओढून खांदा दुखला तरी सुरू होत नाही.

अशा यंत्राचं इंजिन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. अडलेलं असतं ते कार्बोरेटरमध्ये (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) उरलेल्या चार चमचे पेट्रोलापाशी. म्हणून या लेखात दुरुस्ती थोडी मागे ठेवली आहे आणि ठेवणीची पद्धत आधी घेतली आहे. ठेवताना वीस मिनिटं दिलीत तर पुढचं बरंचसं काम करावंच लागत नाही.

पेट्रोल बसून खराब का होतं

पेट्रोल म्हणजे हलक्या-जड अनेक द्रवांचं मिश्रण. त्यातले हलके घटक आधी उडून जातात, आणि थंड इंजिन पहिल्या ओढीत पेट घेतं ते याच घटकांच्या जोरावर. मागे राहिलेल्या जड भागाची हवेशी प्रक्रिया होऊन आधी पिवळसर चिकट थर आणि मग वार्निशसारखा कडक लेप तयार होतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडतात ते जेट, म्हणजे बारीक छिद्राचे छोटे तुकडे : मंद वेगासाठी पायलट जेट, पुढच्या वेगासाठी मेन जेट. लहान चार स्ट्रोक इंजिनाच्या पायलट जेटचं छिद्र साधारण ०.३५ ते ०.४ मिमी असतं, मेन जेटचं ०.६ ते ०.८ मिमी. एवढ्या छिद्रात केसाइतका लेप बसला तरी पेट्रोलाचं प्रमाण बिघडतं.

टाकीतल्या पेट्रोलापेक्षा कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल फार लवकर खराब होतं, कारण वाटी श्वासाच्या छिद्रातून हवेला उघडी असते. आता टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा राहिला तर काय होतं बघा. वाटीतलं पेट्रोल उडतं, वाटीत तरंगणारा फ्लोट खाली येतो, पेट्रोलाची वाट अडवणारी सुई उघडते आणि टाकीतून नवं पेट्रोल येतं. तेही उडतं आणि आपला चिकट भाग मागे ठेवतं. महिनोन्महिने हे चालू राहिलं की वाटीच्या तळाशी मधासारखा साका जमतो.

दुसरी अडचण इथेनॉलची. २०२५ पासून आपल्या पेट्रोल पंपांवर मिळणारं साधं पेट्रोल म्हणजे ई२०, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. बऱ्याच जुन्या लहान इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंत चालेल असं छापलेलं आहे. महाग मिळणारं प्रीमियम पेट्रोल म्हणजे इथेनॉल नसलेलं, असंही धरून चालू नका. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेतोवर ते पेट्रोलात विरघळून राहतं. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात लिटरमागे साधारण ५ मिलि पाणी मावतं, ई२० मध्ये थोडं अधिक. मर्यादा ओलांडली, किंवा रात्री गारवा वाढून ती मर्यादाच खाली आली, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतात. इंजिनाला पेट्रोल जातं ते तळातूनच. दोन स्ट्रोक यंत्रात हे जास्त घातक आहे, कारण त्या खालच्या थरात टू-टी ऑइल (दोन स्ट्रोकसाठी पेट्रोलात मिसळायचं ऑइल) जवळजवळ नसतं. त्यावर इंजिन चाललंच तर पिस्टन कोरडा घासतो.

दमट हवेतून पाणी येतं, पण हळूहळू. मोठ्या मात्रेत येतं ते ओल्या नरसाळ्यातून, पागोळीखाली ठेवलेल्या कॅनमधून आणि गळक्या टाकीच्या झाकणातून. पावसाळ्यात नरसाळं दरवेळी कोरड्या फडक्याने पुसून मगच वापरा.

साठवणीतल्या पेट्रोलाची शंका असेल तर काचेच्या पारदर्शक बाटलीत थोडं ओतून दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळी रेघ दिसली, रंग गढूळ वाटला किंवा वास आंबूस, रंगासारखा आला तर ते यंत्रात घालू नका. चांगल्या पेट्रोलात मिसळून "खपवण्याचा" मोहही टाळा.

आपला कार्बोरेटर कोणता, ते आधी ओळखा

खाली लटकणारी धातूची गोल वाटी आणि तिच्या तळाला बोल्ट दिसला तर तो फ्लोटचा कार्बोरेटर. एचटीपी पंपावरची ५ ते ७ अश्वशक्तीची आडव्या शाफ्टची इंजिनं, पेट्रोलवर चालणारे पाण्याचे पंप, लहान जनरेटर, पॉवर वीडर यांच्यावर हाच असतो. पाठीवरच्या काही ग्रास कटरवरही तो दिसतो.

वाटी नाही, चौकोनी ठोकळा आहे आणि जवळ दाबायचा पारदर्शक रबरी फुगा आहे, तर तो डायफ्रामचा, म्हणजे पातळ लवचिक पडद्यावर चालणारा. तो आडवातिडवा धरला तरी चालतो, म्हणून चेन सॉ आणि बहुतेक खांद्यावरच्या ग्रास कटरला हाच बसवतात.

इंजिन दोन स्ट्रोक आहे की चार, हेही पक्कं करून घ्या. चार स्ट्रोकच्या ग्रास कटरला इंजिन ऑइल भरायची वेगळी जागा असते आणि टाकीत साधं पेट्रोल जातं. ३५ सीसीच्या अशा इंजिनात ऑइल जेमतेम १०० मिलि मावतं. दोन स्ट्रोकला पेट्रोलातच ऑइल मिसळावं लागतं. पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिलि, २५:१ लिहिलं असेल तर ४० मिलि. झाकणाने अंदाजे ओतू नका, औषधाच्या बाटलीवर मिळणारं मापाचं झाकण किंवा सुई काढलेली सिरिंज वापरा. मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच करा. ५ लिटरचा कॅन एकदम मिसळून ठेवण्यापेक्षा रोज लागेल तेवढं लिटर-दीड लिटर करणं कधीही चांगलं.

ठेवणीत टाकायची पद्धत

यंत्र महिन्याभराच्या आत परत लागणार असेल तर ताजं पेट्रोल, बंद कॉक आणि सावलीची जागा एवढं पुरतं. त्याहून जास्त दिवस बसणार असेल तर पुढचं सगळं करा. काम उघड्यावर करा. जवळ चूल, विडी-सिगारेट, चालू मोटर नको. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि प्लगची टोपी काढून ठेवा.

फ्लोटच्या कार्बोरेटरसाठी :

१. टाकी रिकामी करा. कॉकला येणारी नळी काढून पेट्रोल कोरड्या कॅनमध्ये उतरवून घ्या. महिन्याभराच्या आतलं, ऑइल न मिसळलेलं, स्वच्छ पेट्रोल असेल तर ते दुचाकीच्या टाकीत गाळून घालून संपवता येतं.

२. नळी परत जोडा, प्लगची टोपी बसवा, इंजिन सुरू करा आणि पेट्रोल संपून आपोआप बंद पडेतो चालू द्या. शेवटी धडपडायला लागलं की चोक थोडा ओढा, म्हणजे उरलेलंही ओढलं जाईल. एचटीपी पंप असेल तर पंपाला पाणी चालू ठेवा, नाहीतर पट्टा काढून ठेवा. पंप कोरडा चालवला की त्याच्या आतल्या सीलची वाट लागते.

३. इथे बरेच जण थांबतात, आणि इथेच पुढच्या वर्षीचं दुखणं राहून जातं. मेन जेट वाटीच्या तळाच्या थोडा वर असतो, त्यामुळे इंजिन बंद पडलं तरी तळाशी थोडं पेट्रोल उरतंच. वाटीच्या बाजूला तिरका असलेला ड्रेन बोल्ट, बहुतेक १० नंबरचा, सैल करून तेही काढा. वॉशर हरवू नका. निथळलं की बोल्ट परत लावा. तो फार आवळला तर वाटीचा मऊ धातू आटे सोडतो.

४. टाकी पत्र्याची असेल तर पावसाळ्यात रिकामी टाकी आतून गंजते. २० ते ३० मिलि इंजिन ऑइल आत घालून टाकी सगळीकडून हलवा, म्हणजे भिंतींना थर बसेल. हंगामाच्या सुरुवातीला अर्धा लिटर पेट्रोलाने टाकी धुऊन घ्या आणि ते धुवण इंजिनात जाऊ देऊ नका. प्लास्टिकच्या टाकीला याची गरज नाही.

डायफ्रामच्या कार्बोरेटरला टाकी रिकामी केल्यावर रबरी फुगा पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे नळीतलं पेट्रोल टाकीत परत येईल. तेही ओता. मग इंजिन सुरू करून आपोआप बंद पडू द्या. आत ओल राहिली तर पातळ डायफ्राम एकमेकांना किंवा गॅस्केटला (जोडामधल्या पातळ पट्टीला) चिकटून बसतात. ऑइल मिसळलेलं पेट्रोल वाळलं की हा चिकटपणा आणखी वाढतो.

दोन्ही प्रकारांत शेवटचं काम सारखंच. प्लग काढा, छिद्रातून साधारण ५ मिलि ऑइल आत सोडा (चार स्ट्रोकला इंजिन ऑइल, दोन स्ट्रोकला टू-टी), छिद्रावर फडकं धरा आणि दोरी दोन-तीनदा सावकाश ओढा. प्लग लावा. मग दोरी हळू ओढत जा आणि जोर लागायला लागला की तिथेच थांबा. चार स्ट्रोकमध्ये त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, आणि दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. एअर फिल्टरचा फोम साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, दोन थेंब ऑइल चोळून घट्ट पिळा आणि बसवा. कागदी फिल्टर मात्र धुऊ नका, नुसता झटका. यंत्र जमिनीपासून वर, फळीवर ठेवा आणि सुती कापडाने झाका. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं तर आतल्या आत दव धरतं. उंदीर नळ्या कुरतडतात, तेवढं लक्ष असू द्या.

पेट्रोल टिकवायचं औषध, म्हणजे स्टॅबिलायझर, ऑनलाइन मिळतं. ते ताज्या पेट्रोलातच उपयोगी पडतं. खराब झालेलं पेट्रोल त्याने सुधारत नाही. घातल्यावर दहा मिनिटं इंजिन चालवावं लागतं, तेव्हा ते कार्बोरेटरपर्यंत पोचतं. तळाला सुटलेलं पाणी त्याने परत विरघळत नाही. आपल्या हवेत आम्ही रिकामं ठेवण्याच्याच बाजूचे आहोत. जनरेटरसारखं कधीही लागेल असं यंत्र असेल, तर मात्र ताजं पेट्रोल ठेवा, ते दर महिन्याला बदला आणि जनरेटर पंधरा मिनिटं भारावर चालवा.

तरीही अडलंच, तर आधी कार्बोरेटर उघडू नका

प्लग काढून बघा. दहा-बारा वेळा दोरी ओढूनही तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला आणि वासाचा असेल तर पेट्रोल जास्त होतंय किंवा ठिणगी नाही. ठिणगी तपासताना प्लगचा धातू इंजिनाला टेकवा आणि प्लगच्या छिद्रापासून लांब धरा, कारण तिथून पेट्रोलाची वाफ बाहेर येत असते. नवा प्लग घरात असावाच. स्वस्त असतो आणि अर्धी शंका मिटवतो.

इंजिन फक्त चोकवर चालत असेल आणि चोक उघडला की बंद पडत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय. म्हणजे जेट अर्धवट बुजलाय किंवा कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या गॅस्केटमधून हवा शिरतेय. ती हवा शोधायला जोडावर साबणाचं पाणी सोडून बघू शकता, चालत्या इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला तर गळती तिथेच. आवाज लाटेसारखा वर-खाली होत असेल तर बहुधा पायलट जेट. पाच-दहा मिनिटं छान चालून बंद पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघा. सैल केल्यावर चाललं तर झाकणातलं श्वासाचं छिद्र बुजलेलं आहे, कार्बोरेटरचा काही दोष नाही. तरीही बंद पडलं तर टाकीतला फिल्टर बदला.

कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकत असेल तर सुईत कचरा अडकलाय. चार स्ट्रोक इंजिनात अशा वेळी डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची पातळी वाढलेली आणि वास पेट्रोलाचा असेल, तर ठिबकणारं पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरलंय. ऑइल बदलल्याशिवाय इंजिन एकदाही सुरू करू नका.

फ्लोटचा कार्बोरेटर साफ करताना

लागणारं सामान : १० आणि १२ नंबरचा पाना, जेटच्या खाचेत घट्ट बसेल असा चपटा स्क्रू ड्रायव्हर, कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे, जुना दात घासायचा ब्रश, पांढरं ताट, चष्मा आणि मोबाइल. मोबाइल फोटोसाठी. प्रत्येक जोड सोडण्यापूर्वी एक फोटो काढा, विशेषतः गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाची, बारीक स्प्रिंग कुठल्या छिद्रात होती त्याचा. ती चुकीच्या छिद्रात गेली तर इंजिन मर्यादेबाहेर पळतं.

कॉक बंद करा, वाटी रिकामी करा, एअर फिल्टरचा डबा काढा आणि दोन नट सोडून कार्बोरेटर सरळ बाहेर ओढा. त्याच्या मागची गॅस्केटं आणि काळा प्लास्टिकचा ठोकळा कुठल्या क्रमाने आहेत तेही टिपा. वाटीखालचा मधला बोल्ट सोडला की वाटी निघते. फ्लोटची पिन बाजूने हळू ढकला, फ्लोट आणि सुई एकत्र बाहेर येतील. मधल्या खांबाच्या आत मेन जेट असतो. तो काढला की मागची छिद्रांची लांब नळी, इमल्शन ट्यूब, खाली घसरते. अडकली तर वरच्या बाजूने माचिसच्या काडीने ढकला. तिच्या बाजूची सगळी बारीक छिद्रं मोकळी व्हायला हवीत. बरेच जण फक्त मेन जेट साफ करतात आणि ही विसरतात. पायलट जेट वरच्या बाजूला आयडलच्या (मंद वेग ठरवणाऱ्या) स्क्रूखाली प्लास्टिकच्या टोपीसह बसलेला असतो. स्क्रू सोडण्यापूर्वी तो आत किती फेरे जातो ते मोजून कागदावर लिहा, आणि लावताना तेवढाच ठेवा.

रबर आणि प्लास्टिक वेगळं काढल्यावरच क्लीनर मारा. चष्मा लावाच, कारण एका छिद्रात मारलेला फवारा दुसऱ्यातून थेट डोळ्यात येतो. दहा मिनिटं भिजू द्या, पुन्हा मारा, मग पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने प्रत्येक वाट फुंकून घ्या. जेट उजेडासमोर धरा, गोल स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. दिसत नसेल तर साध्या लवचिक वायरमधली तांब्याची एक तार, जी साधारण ०.२ मिमीची असते, ती घालून हळू फिरवा. सुई, टाचणी, स्टीलची तार अजिबात वापरू नका. जेट पितळी असतो, त्याचं छिद्र एकदा मोठं झालं की इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पितं. वाटीत पांढरी भुकटी दिसली तर ते पाण्याने खाल्लेलं धातू आहे. ती ब्रशने जाईल, पण आतल्या वाटांत खड्डे पडले असतील तर नवा कार्बोरेटर घेणंच परवडतं.

जोडल्यावर, यंत्रावर चढवण्यापूर्वी, सुईची परीक्षा घ्या. पेट्रोलाच्या तोटीला स्वच्छ कोरडी नळी लावा आणि हलकी फुंकर मारा. कार्बोरेटर सरळ असताना हवा जायला हवी, उलटा धरल्यावर थांबायला हवी. उलटा धरूनही हवा जात असेल तर सुईच्या रबरी टोकावर गोल खाच पडलेली असेल. सुई बदला.

डायफ्रामच्या कार्बोरेटरमध्ये काय वेगळं

इथे बिघाड बहुतेक डायफ्राममध्येच असतो. एका बाजूच्या झाकणाखाली पेट्रोल ओढणारा डायफ्राम आणि बारीक जाळी असते. दुसऱ्या बाजूला माप ठरवणारा डायफ्राम, त्याखाली लिव्हर आणि सुई. डायफ्राम हातात घेऊन वाकवा. कापडासारखा लुळा असेल तर चांगला, कागदासारखा कडकड वाजला तर संपला. दोन्ही डायफ्राम आणि गॅस्केटांचा किट मिळतो. कार्बोरेटरवर कोरलेला नंबर दुकानदाराला दाखवूनच तो घ्या.

क्रम चुकला तर नवीन किटही चालत नाही. नेहमीच्या रचनेत ओढणाऱ्या बाजूला ठोकळ्यावर आधी डायफ्राम, मग गॅस्केट, मग झाकण. माप ठरवणाऱ्या बाजूला आधी गॅस्केट, मग डायफ्राम, मग झाकण. काही बनावटींत फरक असतो, म्हणून उघडतानाचा फोटोच अंतिम माना. लिव्हर वाकवू नका. ती थोडी वर आली तरी पेट्रोल जास्त जातं, खाली गेली तर कमी. बाजूच्या एच (जास्त वेगाचं पेट्रोल) आणि एल (मंद वेगाचं पेट्रोल) स्क्रूंचे फेरे काढण्यापूर्वी मोजा. एच स्क्रू जास्त आवळून दोन स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगाने चालवलं तर आवाज झकास येतो आणि पिस्टन अडकतो, कारण पेट्रोलाबरोबर ऑइलही कमी झालेलं असतं.

पेट्रोलाच्या नळ्या वर्षातून एकदा बोटाने दाबून बघा. चिकट, फुगलेली किंवा चिरलेली नळी बदला. दुकानात जाताना जुनी नळी नमुन्याला घेऊन जा, आतला आणि बाहेरचा दोन्ही व्यास जुळायला हवेत.

ठेवणीतून बाहेर काढताना

दोरी हळू दोन-तीनदा ओढून आतलं ऑइल पसरू द्या. प्लग काढून पुसा. ताजं पेट्रोल अर्धा लिटरच घाला, कॉक उघडून दोन मिनिटं थांबा, म्हणजे वाटी भरेल आणि कुठे ठिबकतंय का तेही दिसेल. डायफ्रामचं असेल तर फुग्यात पेट्रोल दिसेपर्यंत दाबा, सात-आठ वेळा. चोक ओढून सुरू करा. पहिले काही सेकंद निळसर धूर येईल, तो सिलिंडरमधल्या ऑइलचा असतो. तीन-चार मिनिटं भाराशिवाय चालू द्या आणि मगच बेणणीला किंवा फवारणीला घ्या. दांड्याला एक चिठ्ठी बांधून ठेवा : पेट्रोल केव्हा काढलं, ऑइलचं प्रमाण किती, आयडलचा स्क्रू किती फेरे. पुढच्या वर्षी यंत्र कोणाच्याही हातात गेलं तरी त्याला विचारायला तुमच्यापर्यंत यावं लागणार नाही.